बेस गिटारसाठी नव्या तारा: गोल घ्याव्यात की चपट्या, आणि किती जाडीच्या?

मंद्र

माझ्याकडे चार तारांची, ३४ इंच स्केलची (म्हणजे तारेची कंपन पावणारी लांबी ३४ इंच असलेली) बेस गिटार आहे. ती घेतली तेव्हा तिच्यावर ज्या तारा होत्या, त्याच मी तीन वर्षे वाजवल्या. आवाजातली धार हळूहळू जात होती, पण रोज तोच आवाज कानावर पडत असल्यामुळे ते लक्षात आले नाही; बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबलेली ई तार काही केल्या सुरात बसेना, तेव्हा कुठे तारा संपल्या आहेत हे उमगले. गेल्या महिन्यात ४५ ते १०५ जाडीच्या (हजारांश इंचात) स्टेनलेस स्टीलच्या गोल तारा चढवल्या आणि पहिल्याच सरावात पस्तावलो. हात एका फ्रेटवरून दुसऱ्या फ्रेटकडे सरकला की ‘चर्र’ असा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पष्ट ऐकू येतो. शिवाय स्वराच्या वरच्या अंगाला पत्र्यासारखी कणकण आहे आणि ती ड्रमरच्या सिंबलशी भांडत राहते.

दुसरी अडचण अशी, की आमच्या गायिकेच्या आवाजासाठी आम्ही सगळेच एक पूर्ण स्वर खाली लावतो, म्हणजे माझ्या तारा नेहमीच्या ई, ए, डी, जी ऐवजी डी, जी, सी, एफ अशा असतात. एवढ्या खाली आणल्यावर सर्वांत जाड तार लोंबू लागते आणि जरा जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते.

मी बोटांनीच वाजवतो. पिक क्वचित, स्लॅप (अंगठ्याने तार आपटणे) अजिबात नाही. मला ठोका नेमका पडेल, मागे फार आस (स्वराचा रेंगाळणारा नाद) राहणार नाही आणि एकूण आवाज गोलसर वाटेल अशा तारा हव्या आहेत. चपट्या तारांविषयी बरेच ऐकले आहे, पण वाजवून पाहिलेल्या नाहीत. कोणत्या घ्याव्यात, आणि त्या चढवल्यावर गिटारमध्ये आणखी काही बदलावे लागेल का?

खुंटीपिळ्या

तुम्ही एकच तक्रार असल्यासारखे लिहिले आहे, पण त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. ‘चर्र’ हा तारेच्या गुंडाळणीचा गुण आहे, कणकण काही धातूची आणि काही नवेपणाची आहे, आणि खडखड हा ताणाचा प्रश्न आहे. नुसत्या चपट्या तारा आणून पहिल्या दोन गोष्टी मिटतील. तिसरी मिटेलच असे नाही.

बेसच्या तारेत मधोमध पोलादी गाभा असतो आणि त्याच्यावर बारीक तार एक किंवा अधिक थरांत गुंडाळलेली असते. वरचा थर गोल तारेचा असेल तर पृष्ठभाग स्प्रिंगसारखा उंचसखल राहतो. त्या कंगोऱ्यांवरून बोट घसरले की तुम्हाला ऐकू येतो तो आवाज होतो. चपट्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारेत वरचा थर फितीसारख्या पट्टीचा असतो, त्यामुळे बोटाला जवळजवळ गुळगुळीत सळई लागते. या दोहोंच्या मधली हाफ राउंड तार आधी गोल गुंडाळतात आणि मग वरून घासून सपाट करतात. माझे मत विचाराल तर तिच्यात दोन्हींचे गुण थोडे आणि दोन्हींचे दोषही थोडे येतात; मी ती फारशी सुचवत नाही, पण ज्यांना चपटी तार फारच बुजलेली वाटते त्यांची तिच्यावर सोय होते. चौथा प्रकार नायलॉनच्या फितीने मढवलेल्या टेपवाउंड तारांचा आहे. आतला गाभा पोलादी असल्यामुळे त्या नेहमीच्या चुंबकीय पिकअपवर (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकावर) चालतात.

धातूचे म्हणाल तर स्टेनलेस स्टील सर्वांत लखलखीत वाजते आणि बोटाला खरखरीत लागते. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद त्याहून मवाळ असते आणि बहुतेक बेसवर कारखान्यातून तेच चढवलेले येते. शुद्ध निकेलची गुंडाळणी आणखी उबदार वाजते. एक इशारा देऊन ठेवतो: अकूस्टिक बेससाठी मिळणाऱ्या ब्राँझच्या तारा चुकून घेऊ नका. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही आणि पिकअपला जो काही आवाज मिळतो तो केवळ आतल्या गाभ्याकडून, त्यामुळे तो अशक्त आणि तारेतारेला कमीजास्त येतो.

निवांत

मला एक साधी शंका आहे. मंद्र यांना बसका, मऊ आवाजच हवा असेल, तर तीन वर्षे जुन्या तारा काय वाईट होत्या? मी तर जुन्या तारा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवतो, पुसून पुन्हा चढवतो आणि माझे काम भागते.

खुंटीपिळ्या

निवांतराव, शंका रास्त आहे, पण मऊ झालेली तार वेगळी आणि मेलेली तार वेगळी. गोल तारेच्या वेटोळ्यांमध्ये घाम, त्वचेचे तेल आणि मळ जाऊन बसतो आणि तो तारेचे बारीक कंपन गिळून टाकतो. फ्रेटवर रोज दाबल्यामुळे तारेच्या पोटाला त्या त्या जागी चपटे खड्डेही पडतात; जुनी तार काढून खालच्या बाजूने नख फिरवले तर ते मोजता येतात. मळ आणि खड्डे सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे तारेचे वजन लांबीभर एकसारखे राहत नाही आणि मग मूळ स्वर व त्याच्या वरचे स्वर यांचे नाते बिघडते. मंद्र यांची ई तार बाराव्या फ्रेटवर सुरात बसत नव्हती ती यामुळेच असावी. ब्रिजवरचे (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या आधारावरचे) सॅडल, म्हणजे तारेखालचा सरकता तुकडा, कितीही मागेपुढे केले तरी अशी तार नीट जुळत नाही.

उकळण्याने मळाचा काही भाग सुटतो आणि आठवडाभर तार नवी झाल्यासारखी वाटते, हे खरे आहे. पण खड्डे भरून निघत नाहीत आणि वेटोळ्यांत राहिलेले पाणी गंज चढवते. त्यापेक्षा झाकणाच्या लांब नळीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून त्यात तारा रात्रभर बुडवून ठेवणे बरे, कारण ते उडून जाते. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा आसपास आग असता कामा नये. चपट्या तारांना हे सोपस्कार करावे लागत नाहीत, कारण मळ शिरायला त्यांच्यात फटीच फार थोड्या असतात.

चौथी_तार

चपट्या तारा जुन्या होतात त्याही वेगळ्या तऱ्हेने. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्यातली कणकण निघून जाते आणि त्यानंतर आवाज वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या डेट्रॉइट येथील स्टुडिओत वाजवणारे बेसवादक जेम्स जेमरसन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. फेंडर कंपनीच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर ते ला बेलाच्या जाड चपट्या तारा वापरत आणि तुटल्याशिवाय तार बदलत नसत. मात्र त्यांचा तो आवाज एकट्या तारांचा नव्हता. ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी होती आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवत. मंद्र, तुम्ही ‘मागे आस राहणार नाही’ असे लिहिले आहे, म्हणून सांगते: काहीही विकत घेण्याआधी भांडी घासायच्या नव्या स्पंजचा बोटभर रुंद तुकडा कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवून पाहा. स्पंज तारांना जेमतेम टेकला पाहिजे. तो दाबून बसला तर स्वर बेसूर होतो. तुमची निम्मी अपेक्षा तेवढ्यानेच पुरी होईल असा माझा अंदाज आहे.

निवांत

म्हणजे चपट्या तारा जुन्या पद्धतीच्या संगीतासाठीच, असे समजायचे का? आमच्या समूहात थोडे जोरकस रॉकही असते.

चौथी_तार

तसे मुळीच नाही. आयर्न मेडन या हेवी मेटल समूहाचे स्टीव्ह हॅरिस चपट्याच तारा वापरतात आणि त्यांच्या बेसचा खणखणाट गिटारींच्या गदारोळातूनही ऐकू येतो. चपटी तार जोरात छेडून फ्रेटवर आपटली तर तीही चांगली ठणकते. उलट बाजूने पाहिले तर १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आला तेव्हा बेससाठी गोल तारा प्रचारात नव्हत्याच. १९६६ मध्ये तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडने द हू या समूहाच्या जॉन एन्ट्विसल यांच्यासोबत काम करून गोल तारांचा जो संच तयार केला, त्यातून पियानोच्या खालच्या पट्टीसारखा तो चमकदार आवाज पुढे रुळला. पुढे बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांनी फ्रेटविरहित बेसवरही गोल तारा लावल्या, पण लाकूड कुरतडले जाऊ नये म्हणून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर दिला होता. माझ्या फ्रेटविरहित बेसवर तसा थर नाही, म्हणून मी टेपवाउंड आणि चपट्या तारांपलीकडे जात नाही. फ्रेट असलेल्या बेसवर लाकडाला धोका नसतो, पण स्टीलच्या गोल तारा फ्रेट लवकर झिजवतात हे लक्षात असू द्यावे.

गणितवाला

धातू आणि गुंडाळणी यांविषयी वर पुरेसे आले आहे. मी ताणाविषयी लिहितो, कारण मंद्र यांची खडखड तिथे अडकली आहे.

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: एकक लांबीचे वजन, कंपनक्षम लांबी आणि कंपनसंख्या. लांबी आणि कंपनसंख्या यांचा परिणाम वर्गाने होतो. एकाच बनावटीच्या तारांत वजनही ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे एका गिटारवर तुलना करायची असेल, तर जाडी गुणिले कंपनसंख्या एवढा गुणाकार पुरतो. पाकिटावरच्या ४५ किंवा १०५ या आकड्यांचा अर्थ इंचाचा हजारावा भाग असा असतो. नेहमीच्या जुळणीत जी तारेचा गुणाकार ४५ × ९८ म्हणजे ४४१०, डी तारेचा ६५ × ७३.४ म्हणजे ४७७१, ए तारेचा ८५ × ५५ म्हणजे ४६७५ आणि ई तारेचा १०५ × ४१.२ म्हणजे ४३२६ येतो. या आकड्यांचे वर्ग घेतले की दिसते, की अगदी नेहमीच्या संचातही डी तार ई तारेपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक ताणलेली असते. अनेकांना ‘डी जरा कडक लागते’ असे जे वाटते, तो भास नव्हे.

आता मंद्र यांची जुळणी घेऊ. जाड तार एक स्वर खाली आली की ४१.२ च्या जागी ३६.७ येतात, गुणाकार ३८५४ होतो आणि ताण सुमारे एकवीस टक्क्यांनी घटतो. तार लोंबते ती याच कारणाने. तिच्या जागी ११० ची तार घेतली तर गुणाकार ४०३७ होतो, म्हणजे मूळ ताणाच्या ८७ टक्के परत मिळतात. ११५ ची घेतली तर ९५ टक्के. बाकीच्या तारा ५०, ७० आणि ९० घेतल्या तर पहिली जवळजवळ मूळ ताणावर येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तारेत आठ ते अकरा टक्के घट राहते, ती हाताला खुपत नाही. म्हणून गोल तारांतच राहायचे असेल तर ५०-७०-९०-११० हा संच त्यांच्या जुळणीला बसतो.

ज्यांचा बेस ३० इंच स्केलचा आहे त्यांनी हेही पाहावे, की त्याच तारा त्याच स्वरात लावल्या तर ३४ इंचांच्या तुलनेत ताण बावीस टक्क्यांनी कमी भरतो. आणि पाच तारांच्या बेसवर १३० ची बी तार घेतली तरी तिचा ताण १०५ च्या ई तारेपेक्षा सुमारे चौदा टक्के कमीच असतो. खालच्या बी तारेविषयीच्या बहुतेक तक्रारींची मुळे इथे सापडतात.

हा हिशेब एकाच बनावटीत खरा ठरतो. गोल आणि चपटी यांची तुलना जाडीवरून करू नये.

मंद्र

गणितवाला, हे फार उपयोगी पडले. पण शेवटच्या वाक्यावर अडखळलो. मग चपट्या तारांची जाडी ठरवायची कशी?

खुंटीपिळ्या

जाडीवरून ठरवायचीच नाही, छापील ताणावरून ठरवायची. बरेच उत्पादक प्रत्येक तारेचा ताण पौंडांत किंवा किलोंत देतात आणि तो आकडा कोणत्या स्केलसाठी आणि कोणत्या स्वरासाठी आहे तेही लिहितात. चपटी तार बहुधा त्याच जाडीच्या गोल तारेपेक्षा अधिक ताणाची आणि वाकायला ताठ असते. पण याला मोठे अपवाद आहेत: थॉमास्टिक-इनफेल्डच्या चपट्या तारा मुद्दाम सैल आणि लवचीक केलेल्या आहेत, आणि एक स्वर खाली लावणाऱ्याने त्या घेतल्या तर हाती दोरी आल्यासारखे वाटेल. तुम्ही तुमच्या आताच्या संचाच्या ई तारेचा छापील ताण पाहा आणि चपट्या संचात जाड तारेचा आकडा त्याहून वीस-पंचवीस टक्के जास्त असेल असा संच निवडा. डी स्वरात उतरवल्यावर तो बरोबर हातात बसेल.

चौथी_तार

विकत घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्या. तारेच्या शेवटी जो गोळा असतो तो ज्या जागी अडकतो, तिथपासून नटपर्यंतचे (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपर्यंतचे) अंतर मोजायचे. तार गिटारच्या अंगातून मागून पुढे येत असेल तर हे अंतर बरेच वाढते, आणि ‘लाँग स्केल’ म्हणून घेतलेली तारही अपुरी पडू शकते. खुंटीकडच्या टोकाला रेशमाचा जो रंगीत वेढा असतो, तो नटच्या पलीकडे सुरू झाला पाहिजे. तार फार लांब निघाली तर तिचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर गुंडाळावा लागतो, आणि चपटी तार तिथे हमखास फुटते किंवा तिची पट्टी उकलते.

माझ्या हातून झालेला घोटाळा सांगते, म्हणजे तुमचा संच वाचेल. पहिल्यांदा चपट्या तारा आणल्या तेव्हा मी जादा लांबी सरळ कातरून टाकली आणि मग टोक खुंटीत खुपसले. आतला गाभा गोल होता. षटकोनी गाभ्याच्या कडा वरच्या पट्टीला धरून ठेवतात, गोल गाभा तसे धरत नाही. कापल्याबरोबर पट्टी गाभ्यावर सैल झाली. वरून काहीच दिसले नाही, पण ती ए तार पहिल्या दिवसापासून लाकडावर टकटक केल्यासारखी वाजली. आधी तार काटकोनात पक्की मुडपायची आणि मुडपलेल्या भागाच्या पुढे कापायची, हे मला त्या तारेने शिकवले.

खुंटीपिळ्या

ताईंनी सांगितले ते गोल तारांनाही लागू आहे. चढवताना जुन्या चारही तारा एकदम काढू नका, एकेक बदला. नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, तारांच्या जाडीनुसार एकूण सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा असतो. तो अचानक काढला म्हणून नेक मोडत नाही, पण ती सरळ होते आणि पुन्हा बसायला वेळ घेते. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली गेला पाहिजे, म्हणजे तार नटवर खाली दाबली जाते. तार स्वरात आली की नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे अंगठ्याने हलकेच दाबून तिला तिथे कोन घ्यायला लावा. ताठ तार आपणहून कमानीसारखी वळते आणि त्या कमानीमुळे बाराव्या फ्रेटचा स्वर चढा लागतो.

एक दिवस जाऊ द्या. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ट्रस रॉडला (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईला) हात लावू नका. जास्त असेल तर एका वेळी पाव वळसा आवळा आणि पुन्हा मोजा. सॅडलची उंची त्यानंतर पाहायची आणि बाराव्या फ्रेटची जुळणी सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा केला तर सगळे पुन्हा करावे लागते.

मंद्र

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. स्पंजचा प्रयोग त्याच संध्याकाळी केला आणि आस गेली, पण ‘चर्र’ गेले नाही, तेव्हा चपट्या तारा घ्यायच्या हे पक्के झाले. ५० ते ११० चा संच घेतला. त्याच्या जाड तारेचा छापील ताण माझ्या जुन्या ई तारेपेक्षा साधारण एक चतुर्थांशाने जास्त आहे. डी स्वरात तार आता लोंबत नाही आणि खडखडही नाही. फट आधी ०.५ मिलिमीटर भरली, दोन वेळा पाव वळसा आवळल्यावर ०.३ वर आली.

दोन गोष्टी मात्र अपेक्षेबाहेर घडल्या. खुंटी पिळताना नटपाशी ‘टक’ असा आवाज येई आणि जाड तार एकदम अर्धा स्वर उडी मारे. निरखून पाहिले तर ती खाचेत तळाला टेकलेलीच नव्हती, दोन्ही भिंतींत अडकून अधांतरी राहिली होती. शिवाय चपट्या तारांवर वरची एफ इतर तिघींपेक्षा दबकी वाजते.

खुंटीपिळ्या

खाच जुन्या १०५ च्या तारेसाठी कापलेली आहे. पाच हजारांश इंच म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, पण नटच्या खाचेला तेवढाही पुरतो. जुन्या जाड तारेचाच तुकडा घेऊन त्याच्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाचेच्या भिंती घासा. तळाला अजिबात लागू देऊ नका, नाहीतर उघडी तार पहिल्या फ्रेटवर खडखडेल आणि नटच बदलावा लागेल. हात धजावत नसेल तर हे एवढे काम कारागिराकडून करून घ्या.

दबक्या तारेसाठी पिकअपची त्या बाजूची टोकाची स्क्रू अर्धा-अर्धा वळसा फिरवत पिकअप वर आणा, आणि दर वेळी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ऐका. चुंबक फार जवळ आला तर स्वर लहरू लागतो; तिथून अर्धा वळसा मागे घ्या. पिकअप दोन तुकड्यांचा असेल तर काम सोपे होते, कारण वरच्या दोन तारांचा तुकडा वेगळा हलतो.

मंद्र

खाच घासली, आता तार तळाला बसते. पिकअप दोन तुकड्यांचाच आहे. वरचा तुकडा एक वळसा उचलल्यावर एफ बरोबरीला आली. उतरवलेल्या स्टीलच्या तारा महिनाभरच वाजवलेल्या आहेत. त्या पुन्हा कामी येतील का?

चौथी_तार

खुंटीवरचे पीळ सरळ न करता उतरवल्या असतील तर नक्की येतील. कोरड्या फडक्याने पुसून, सैल वेटोळे करून, कोणती तार कोणत्या खुंटीची ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुन्हा चढवताना तेच पीळ त्याच खुंटीवर बसवा. सरळ केलेला पीळ दुसऱ्यांदा वळवला की तार नेमकी तिथेच तुटते.